सात महिन्यांचे मूल आणि परदेशाची वाट

गेल्या बुद्धपौर्णिमेला आमच्या घरी एक चर्चा झाली. चर्चा घरातली असली तरी तिच्यातला प्रश्न घरापुरता नाही, असे मला वाटते, म्हणून तो येथे मांडीत आहे. मी मेहकर तालुक्यातली, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. माझ्या मुलीला ब्रिटनमधील एका विद्यापीठात एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला आणि शासनाची परदेश शिष्यवृत्तीही मंजूर झाली. आमच्या वस्तीतून परदेशी शिकायला निघालेली ती पहिलीच. पण फेब्रुवारीत ती बाळंत झाली होती. सत्र सुरू होणार सप्टेंबरात. म्हणजे तेव्हा बाळ सात महिन्यांचे असणार. जावे की न जावे?

वंदना झाली, खीर वाटून झाली आणि विषय निघालाच. माझा मुलगा म्हणाला, "काहून नाई जाव तिनं? बाबासाहेब नाई गेले काय? यशवंतराव तवा सात मयन्याचेच होते."

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. सगळे गप्प झाले. कोपऱ्यात माझी आई बसली होती. तिचे वय पंच्याऐंशीच्या पुढे. ती म्हणाली, "बाबासाहेब गेले रे पोरा. रमाई गेली काय?"

या एका प्रश्नाने माझी कित्येक दिवसांची झोप उडवली. तीस-बत्तीस वर्षे मी मुलांना इतिहास शिकवला. कोण कोठे गेले, कोणत्या साली गेले, काय मिळवून आले, हे सारे फळ्यावर लिहिले. गेलेल्याच्या मागे पाळण्याची दोरी कोणाच्या हातात होती, हे मात्र कधी लिहिले नाही. पुस्तकात ते नव्हते, आणि मलाही ते विचारावेसे वाटले नाही. मुलीला सल्ला देण्यापूर्वी ते एकदा तपासावे, असे ठरवले.

१

आरंभ आमच्या जिल्ह्यापासूनच करते. 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत नोकरीस होते आणि सत्यशोधक समाजाचे होते. ताराबाई मराठा घरातल्या. त्यांच्या घराचे दुःख आणि आमच्या महारवाड्याचे दुःख एकच होते, असे मी म्हणणार नाही. तरीपण १८८२ साली त्यांनी जो प्रश्न विचारला तो आजही आमच्या उपयोगाचा आहे.

त्या पुस्तकाला निमित्त घडले ते सुरतेकडील एका खटल्याचे. विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेने लोकलाजेच्या भयाने आपले नवजात मूल मारले. १८८१ साली तिला फाशीची शिक्षा झाली. अपिलात फाशी टळली आणि तिच्या जागी काळ्या पाण्याची शिक्षा आली. पुढे तीही कमी करण्यात आली. वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीच्या नीतीवर ताशेरे झाडले जाऊ लागले. तेव्हा बुलढाण्याच्या या बाईने लेखणी उचलली. जो दोष बाईच्या माथी मारता तोच तुमच्यात दसपट आहे की नाही, असे तिने पुरुषांना विचारले. मूल काय एकट्या बाईचे असते? ज्याच्यामुळे तिच्यावर हा प्रसंग आला तो पुरुष कोणत्या कोर्टात उभा राहिला?

पुढे या पुस्तकाचे काय झाले तेही लक्षात घेण्याजोगे आहे. जोतीराव फुल्यांनी १८८५ साली 'सत्सार'मधून ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर ते पुस्तक जवळजवळ विस्मृतीत गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापले, तेव्हा कोठे आम्हा बुलढाणेकरांना कळले की अशी एक बाई आमच्या गावात होऊन गेली. बाईने केलेल्या हिशेबाची वही हरवायला या देशात वेळ लागत नाही.

तेव्हा मूल झालेल्या बाईच्या वाट्याला समुद्र येत होता तो असा, शिक्षा म्हणून. आपल्या इच्छेने समुद्र ओलांडणाऱ्या बाया त्यानंतर लगेच, १८८३ साली निघाल्या. त्या दोघींच्याही कहाणीत मूल आहे.

आनंदीबाई जोशी चौदा वर्षांच्या असताना त्यांना मुलगा झाला आणि योग्य उपचार न मिळाल्याने दहा दिवसांत गेला. त्या मृत्यूनेच त्यांना वैद्यकीकडे वळवले, असे सांगतात. ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून त्या अमेरिकेला निघाल्या, १८८६ साली डॉक्टर झाल्या आणि परत आल्यावर १८८७ च्या फेब्रुवारीत वारल्या. मागे ठेवायला मूल उरले नव्हते आणि पाठवण्याचा आग्रह नवऱ्याचा होता. तरीही निघण्यापूर्वी श्रीरामपूर येथे जाहीर सभेत उभे राहून, आपण का जातो हे त्यांना लोकांना समजावून सांगावे लागले. परदेशी जाणाऱ्या कोणत्या नवऱ्याला असे भाषण करावे लागले होते?

दुसऱ्या पंडिता रमाबाई. त्यांची मुलगी मनोरमा १८८१ च्या एप्रिलात जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत नवरा पटकीने गेला. मूल दहा महिन्यांचेही झालेले नव्हते. १८८३ साली दोन वर्षांच्या मनोरमेला बरोबर घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. प्रवासखर्चाला त्यांच्या 'स्त्रीधर्मनीति' या पुस्तकाच्या विक्रीचे पैसे उपयोगी पडले. आईवडील नाहीत, सासर नाही, नवरा नाही. म्हणजे नको म्हणणारेच कोणी उरले नव्हते. शिवाय हातात विद्या होती. संस्कृत त्यांना बापाने आणि आईने शिकवलेले होते.

या दोघींच्या धाडसाबद्दल मला आदर आहे. पण एक गोष्ट येथे नोंदवलीच पाहिजे. समुद्र ओलांडला की जात बाटते, ही भीती ज्यांना गमावण्यासारखी जात होती त्यांची. आमच्या लोकांना समुद्राने बाटवण्यासारखे काही शिल्लकच नव्हते. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर गिरमिटाने माणसे गेली, त्यांत बाया होत्या आणि त्यांच्या कडेवर पोरेही होती. त्यांनी कोणत्या सभेत भाषण केले? त्यांना जायचे आहे का, असे कोणी विचारले? इतिहासाने पहिली स्त्री म्हणून ज्यांची नावे घेतली त्या पहिल्या ठरल्या याचे एक कारण असे की, आधी गेलेल्यांची नोंद मजूर म्हणून झाली होती.

२

आता १९१३ सालाकडे येते. आईच्या प्रश्नाचे उत्तर येथेच शोधावे लागते.

यशवंतराव १२ डिसेंबर १९१२ रोजी जन्मले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार रामजी वारले. घरातला कर्ता आधार गेला तेव्हा मूल पावणेदोन महिन्यांचे होते. ४ जून १९१३ रोजी बाबासाहेबांनी बडोदे सरकारशी करार केला: तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती, आणि शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात ते न्यूयॉर्कला पोहोचले. मूल सात महिन्यांचे, बाप बावीस वर्षांचा, आणि आई? दापोलीजवळच्या वणंद गावची, आईबापाविना मामा-काकांकडे वाढलेली ती मुलगी तेव्हा पंधराच्या घरात होती. आज ती नववी-दहावीच्या वर्गात माझ्यासमोर बाकावर बसली असती.

त्या साडेअकरा पौंडांतून बाबासाहेब पोटाला चिमटा घेऊन शिकत होते आणि घरीही पैसे पाठवीत होते, हे आपण चरित्रांत वाचतो. शिष्यवृत्ती विद्यार्थ्याला होती. मागे राहिलेल्या घराला शिष्यवृत्ती नव्हती. परळच्या चाळीतल्या त्या खोलीत ती चार वर्षे कशी गेली याची तारीखवार नोंद कोणी ठेवली नाही. बाबासाहेब परतले ते १९१७ च्या ऑगस्टमध्ये. पुन्हा जुलै १९२० मध्ये लंडनला गेले, ते एप्रिल १९२३ मध्ये आले. यशवंतरावांच्या वयाच्या पहिल्या साडेदहा वर्षांपैकी सुमारे सात वर्षे बाप घरी नव्हता. या घरात पाच मुले जन्मली. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लहानपणीच गेली. एकटे यशवंतराव जगले.

हे सांगताना माझा हात थरथरतो. कोणी म्हणेल, बाई बाबासाहेबांवर ठपका ठेवते आहे. तसे नाही. ते गेले नसते तर मी हा लेख लिहायला शिकले नसते. माझी मुलगी कोठल्या तरी वीटभट्टीवर असती. पण त्यांच्या जाण्याची किंमत कोणी दिली हे सांगायला बाबासाहेब स्वतः कधी संकोचले नाहीत. १९२८ च्या फेब्रुवारीत 'बहिष्कृत भारत'मध्ये त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे की, आपण परदेशी असताना प्रपंचाची काळजी रात्रंदिवस पत्नीने वाहिली आणि तिला शेणाचे भारे स्वतःच्या डोक्यावरून आणावे लागले. १९४० साली पाकिस्तानच्या प्रश्नावरचा ग्रंथ निघाला, तो त्यांनी रामूच्या स्मृतीस अर्पण केला, तेव्हा रमाई जाऊन पाच वर्षे झाली होती. त्या ओळींतही त्यांनी विपन्नावस्थेत तिने सोसलेल्या भागीदारीची कबुली दिली आहे. ज्याने देणे मान्य केले त्याच्यावर ठपका कसला? ठपका आहे तो आपल्यावर. ती कबुली वाचून आपण तिची आरती केली.

आरती म्हणते ती अशी. दर वर्षी रमाई जयंतीला व्यासपीठावरून भाषणे होतात, त्यागमूर्ती, माऊली, सहनशीलतेचा आदर्श. भाषण करणारे बहुतेक पुरुष. समोर बसलेल्या सुनांना त्यातून एकच ऐकू येते: तूही अशीच रहा. जे रमाईने निरुपायाने सोसले त्याचा आपण धर्म करून टाकला. पंधरा वर्षांच्या मुलीला कोणी विचारले होते का, की तुझा नवरा साता समुद्रापलीकडे जातो आहे, तुझे काय? तिच्यापुढे निवडच नव्हती, मग तिने काय निवडले असते हे आपण कशावरून सांगतो?

हे मी पुस्तकातून बोलत नाही. १९८४ साली मला बाहेरगावी बी.एड.ला प्रवेश मिळाला होता. हाच माझा मुलगा तेव्हा चार महिन्यांचा होता. घरात बैठक बसली. चळवळीत काम करणारी, निळा झेंडा खांद्यावर घेतलेली माणसे बैठकीत होती. त्यांतील एकाने मला प्रेमाने समजावले, "ताई, रमाई आठवा." मी रमाई आठवली आणि प्रवेश सोडला. पुढे बारा वर्षांनी नोकरी सांभाळून ती पदवी घेतली. त्या गृहस्थांचा हेतू वाईट होता असे मी आजही म्हणत नाही. पण त्यांना मला बाबासाहेब आठवा, असे सांगावेसे का वाटले नाही? शिकायला जाणारा पुरुष असला की बाबासाहेबांचा दाखला, आणि बाई असली की रमाईचा. एकाच घरातले दोन दाखले आपण अंगण पाहून वाटतो.

३

माझ्या आईला तर बैठकही बसली नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला ती गेली तेव्हा माझा धाकटा भाऊ दीड महिन्याचा होता. रस्त्याच्या कडेला बाभळीला लुगड्याची झोळी बांधलेली असायची आणि ती हलवायला मी. वय बारा. त्या वर्षी माझी शाळा बुडाली. आई हातोडा मारायची, मध्येच येऊन पाजायची, मुकादम ओरडला की पुन्हा जायची. आजही सिंदखेडराजा, लोणारकडची माणसे दिवाळीनंतर ऊसतोडीला आणि वीटभट्ट्यांवर जातात, तेव्हा ओली बाळंतीण गाडीत बसते. तिला कोणी विचारीत नाही की बाळ लहान आहे, जाणे बरे की वाईट. पोटासाठी बाई निघाली तर मातृत्वाचा प्रश्न निघत नाही. ज्ञानासाठी निघाली की लगेच निघतो. हे कसे?

आणि झोळीची दोरी पुन्हा एका मुलीच्याच हातात जाते. आई कामावर जाते, तिची किंमत थोरली लेक शाळा बुडवून देते. म्हणजे मूल कोणी सांभाळायचे हा प्रश्न न सोडवता आपण तो फक्त एका बाईच्या डोक्यावरून दुसरीच्या डोक्यावर देत आलो आहोत.

येथे बाबासाहेबांचे एक काम आठवते, जे जयंतीच्या भाषणांत क्वचितच येते. जुलै १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात गिरणीकामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाचे बिल चर्चेला होते. बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे साऱ्या समाजाच्या हिताचे आहे, तेव्हा तिचा भार सरकारने उचलला पाहिजे आणि बाईच्या श्रमावर नफा मिळवणाऱ्या मालकानेही त्यात वाटा दिला पाहिजे, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. पुढे मजूरमंत्री असताना खाणकामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाचा कायदा त्यांनी १९४३ मध्ये सुधारून घेतला. १९६१ साली देशभराचा कायदा आला आणि २०१७ साली रजा सव्वीस आठवड्यांपर्यंत वाढली. अर्थात ऊसतोडीच्या बाईपर्यंत त्यातले काय पोचते ते आपण डोळ्यांनी पाहतोच.

१९१३ ची परळची खोली आणि १९२८ चे भाषण यांचा संबंध मी ओढूनताणून जोडीत नाही. बाबासाहेबांनी तसे कोठे म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही. पण 'बहिष्कृत भारता'तली शेणाच्या भाऱ्यांची कबुली फेब्रुवारीतली आणि कायदेमंडळातले भाषण त्याच वर्षीच्या जुलैतले, एवढे मात्र खरे. बाळंतिणीचा भार तिच्या एकटीचा नाही, तो वाटून घेतला पाहिजे, हा विचार त्यांनी कायद्याच्या भाषेत मांडला. आपण त्यांच्याकडून परदेशी जाणे घेतले. भार वाटून घेणे घ्यायचे राहिले.

४

मुलीच्या प्रश्नाकडे परत येते. तिच्या वाटेत शास्त्राची समुद्रबंदी नाही. आता बंदी दुसऱ्या टोकाने येते. १ जानेवारी २०२४ पासून ब्रिटनने परदेशी विद्यार्थ्यांना नवरा-बायको-मुले बरोबर आणण्याची सवलत बहुतेकांसाठी काढून घेतली. संशोधनाच्या पदवीचे आणि शासकीय शिष्यवृत्तीवरचे विद्यार्थी तेवढे वगळले. कागदोपत्री माझ्या मुलीला वाट आहे. पण शिष्यवृत्ती अजूनही विद्यार्थ्यालाच आहे. बाळाचे तिकीट, व्हिसा, दवाखान्याची तिकडची आगाऊ फी, मोठ्या खोलीचे भाडे, हे कोणाच्या खिशातून? आणि ती वर्गात असताना मूल कोणाच्या हातात? १९१३ चा हिशेब अजून तसाच आहे.

मी प्रथम तिला थांब म्हणणार होते. अंगावर पिणारे मूल आहे, बाळंतिणीची हाडे अजून भरली नाहीत, एक वर्षाने बघू. पण बारा वर्षांनी बघितलेली पदवी माझ्या कपाटात आहे. एक वर्ष हे बाईच्या आयुष्यात एक वर्ष राहत नाही. मग मी जा म्हणणार होते. तेव्हा लक्षात आले की मी जा म्हटले काय आणि राहा म्हटले काय, बैठक तीच आहे, फक्त बोलणारे तोंड बदलले आहे. माझे काम तिच्यासाठी ठरवण्याचे नाही. ती जे ठरवील त्याची किंमत एकट्या तिच्यावर किंवा दुसऱ्या कोणा एका बाईवर पडणार नाही, हे पाहण्याचे आहे.

तसे मी घरात बोलले. जावई एका खाजगी शाळेत आहेत. ते दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आई, मी एक वर्ष बिनपगारी रजा टाकतो. पोराले मी सांभाळतो. तुम्ही आहातच, पण तुमच्यावर टाकत नाही." वस्तीत हसे झाले. बाप्या माणूस पोराची लंगोटं धुणार म्हणून. माझ्या मुलाने जाहीर केले की बहिणीच्या घरचा महिन्याचा किराणा तो भरील. ज्याच्यासाठी मी १९८४ साली थांबले होते तोच हा मुलगा. आणि माझी आई म्हणाली, "झोळी मी हालवतो. पण आता बाभळीले नाई बांधाची."

मुलीने पंधरा दिवस घेतले. तिने सप्टेंबरात जायचे ठरवले. बाळ इथेच राहील. निर्णय सांगताना ती रडली, आणि रडते म्हणून निर्णय बदलायचा नाही, असेही तिनेच सांगितले. हा निर्णय प्रत्येक बाळंतिणीने घ्यावा असे मी म्हणत नाही. एखादी म्हणेल, मला मुलाजवळ राहायचे आहे, तर तेही तिचेच ठरवणे आहे. विचारणारे तिला कोणी हवे आणि ऐकणारेही हवे, एवढेच.

आणखी एक करायचे ठरवले आहे. ती निघेल त्या दिवशी वस्तीतली माणसे तिला हार घालतील. तिचे नाव विहारातल्या फळ्यावर लिहिले जाईल. पहिली परदेशी गेलेली मुलगी म्हणून उद्या कोणी गुरुजी ते मुलांना शिकवील. त्या फळ्यावर तिच्या नावाखाली मागे राहून मूल सांभाळणाऱ्याचेही नाव लिहायचे, असे मी विहाराच्या मंडळींना सांगून ठेवले आहे. १९१३ च्या जुलैत परळच्या खोलीत जी राहिली तिचे नाव त्या वर्षीच्या कोणत्याच फळ्यावर नव्हते. तिचे आपल्यावर जे देणे आहे ते जयंतीच्या भाषणाने फिटणार नाही. पाळण्याची दोरी कोणाच्या हातात होती हे यापुढे लिहून ठेवले तर थोडेफार फिटेल.